मराठी टायपिंग मध्येच बिघडतं? दोष कीबोर्डात, फाइलमध्ये की फॉन्टमध्ये, हे शोधण्याचा क्रम

विंडोज १० आणि ११ वर मराठीत काम करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "काल नीट चालत होतं, आज आपोआप बिघडलं." मग कोणी कीबोर्ड बदलतं, कोणी विंडोज नव्याने टाकून घेतं. चार दिवस बरं चालतं आणि तोच त्रास पुन्हा सुरू होतो, कारण मूळ सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो. यातले बहुतेक दोष फुकटात आणि घरच्या घरी सुटतात. त्यासाठी विंडोजमध्येच असलेल्या, पण फारशा माहीत नसलेल्या सोयी वापरायच्या आहेत. खालचा क्रम सोप्यापासून अवघडाकडे जातो. मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

- मराठीत टाइप करताना मध्येच इंग्रजी उमटायला लागतं, किंवा उलट.
- पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन स्क्रीन तो नाकारते.
- कालपर्यंत फोनेटिक (रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा कीबोर्ड) होतं, आज त्याच की दाबल्यावर भलतीच मराठी अक्षरं येतात.
- टास्कबारवरची भाषेची खूण गायब होते, स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत काहीच टाइप होत नाही.
- अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसतात.
- अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.
- एक्सेलमध्ये फाइल उघडली की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या मागे चित्रविचित्र चिन्हं येतात.
- वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात.
- शब्द डोळ्यांना दिसतो, पण 'फाइंड' केल्यावर सापडत नाही.

ही सगळी लक्षणं एकाच आजाराची नाहीत. काही अक्षर आत येतानाची आहेत, काही फाइलमध्ये साठतानाची, तर काही पडद्यावर दिसतानाची. कोणत्या टप्प्यावर गडबड आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी नोटपॅडची चाचणी

विंडोजसोबत येणारं नोटपॅड उघडा आणि त्यात 'मराठी दुसऱ्या क्ष ज्ञ' असं काहीतरी टाइप करा. तिथेही चुकीचं उमटत असेल तर दोष कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये किंवा खुद्द कीबोर्डात आहे. नोटपॅडमध्ये नीट आणि फक्त वर्डमध्ये किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीचं येत असेल, तर विंडोजला हात लावू नका. दोष त्या प्रोग्रॅमचा आहे. टाइप नीट होतं, पण दुसऱ्याकडून आलेली फाइल बिघडलेली दिसते, तर त्या फाइलमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इथे मराठी दिसली तर अडचण फक्त फॉन्टची. रोमन अक्षरांचा खिचडा दिसला तर फाइल जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर साठवतानाच गेला आहे.

नोटपॅडच का? कारण ते भाषा, कीबोर्ड किंवा फॉन्ट स्वतःहून बदलत नाही. वर्ड भाषा ओळखायला जातं, कीबोर्ड बदलतं, फॉन्ट बदलतं. नोटपॅडमध्ये तसलं काही नसतं.

१. भाषेची खूण आणि विंडोज + स्पेसबार

टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी सध्याची भाषा दिसते. विंडोज की धरून स्पेसबार दाबला की बसवलेल्या सगळ्या कीबोर्डांची यादी वर येते. विंडोज धरून ठेवायची आणि स्पेसबार एकेकदा दाबत हवं त्यावर थांबायचं. हीच जोडी लॉगिन स्क्रीनवरही चालते, म्हणून "पासवर्ड चुकीचा" आला की आधी तिथली भाषेची खूण पाहा. पासवर्डाच्या रकान्यात अक्षरांऐवजी ठिपकेच दिसत असल्यामुळे आपण मराठी कीबोर्डवर आहोत हे कळतच नाही. रकान्याच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबून धरलं की काय उमटतंय ते दिसतं. पासवर्ड रीसेट करण्याआधी एवढं करून पाहाच.

यादीत मराठीची किती नावं आहेत तेही याच वेळी बघून घ्या. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' विंडोजमध्येच मिळतं. रोमन अक्षरांत शब्द लिहायचा, खाली पर्याय येतात, त्यातला निवडायचा. नुसतं 'मराठी' असं लिहिलेलं असतं ते इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक कीला ठरलेलं मराठी अक्षर असलेला कीबोर्ड. दोन्ही बसवलेली असतील तर एकावरून दुसऱ्यावर उडी पडते आणि वापरणाऱ्याला वाटतं, अक्षरं बिघडली. जे वापरत नाही ते काढून टाका: 'सेटिंग्ज'मध्ये 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन', मराठीसमोरचे तीन ठिपके, 'लँग्वेज ऑप्शन्स', 'कीबोर्ड्स'. फोनेटिक हवं असूनही यादीत नसेल तर इथेच 'ॲड अ कीबोर्ड' दाबून मिळतं. त्यासाठी बाहेरचा प्रोग्रॅम उतरवायची गरज नाही. गूगलने विंडोजसाठीचा आपला वेगळा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम केव्हाच देणं बंद केलं आहे. त्याच नावाने इतर साइटवर फिरणाऱ्या फाइली टाकू नका.

२. की अडकली आहे का?

विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन की एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो. आता खऱ्या कीबोर्डवर टाइप करा. जी की दाबाल ती पडद्यावर उजळते. हात काढल्यावरही शिफ्ट किंवा ऑल्ट उजळलेली राहिली तर ती की खाली अडकली आहे. एखादी की दाबूनही उजळली नाही तर ती मेली आहे. यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. लॅपटॉप असेल तर यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावून बघा. शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल.

याच पडद्यावरच्या कीबोर्डचा आणखी एक मोठा उपयोग आहे. मराठी निवडलेली असताना तो प्रत्येक कीवरचं मराठी अक्षर दाखवतो आणि शिफ्ट धरली की शिफ्टमधली अक्षरं दाखवतो. इनस्क्रिप्टचे स्टिकर विकत घेण्याआधी हे वापरून पाहा.

शिफ्ट सलग ५ वेळा दाबली गेली, किंवा उजवी शिफ्ट ८ सेकंद धरली गेली, की 'स्टिकी कीज' (शिफ्टसारखी की एकदा दाबली की दाबलेली धरणं) किंवा 'फिल्टर कीज' (ओझरत्या दाबलेल्या की न मोजणं) सुरू करायचं का असं विंडोज विचारतं. विचार करत बसल्यावर शिफ्ट धरून ठेवायची सवय असेल तर हे हमखास होतं. 'ॲक्सेसिबिलिटी'मधल्या 'कीबोर्ड'मध्ये जाऊन दोन्हींचे शॉर्टकट बंद करून टाका.

३. खूण गायब, टायपिंग बंद

विंडोजमध्ये सीटीएफमॉन (ctfmon) नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मागे चालू असतो. भाषेची खूण, फोनेटिकची यादी आणि शोधपट्टीतलं टायपिंग त्याच्या भरवशावर चालतं. तो बंद पडला की हे सगळं एकदम थांबतं. विंडोज आणि आर दाबा, चौकटीत त्याचं नाव रोमन लिपीत लिहून एंटर मारा. शोधपट्टीत टाइप होत नसलं तरी या चौकटीत सहसा होतं.

एवढ्याने आजचं काम भागेल. रोज सकाळी तेच करावं लागत असेल, तर तो सुरू करणारं नेमलेलं काम कोणीतरी बंद केलेलं आहे. बहुतेकदा हे कॉम्प्युटर 'फास्ट' करणाऱ्या क्लीनर प्रोग्रॅमचं काम असतं. 'टास्क शेड्यूलर' उघडा. डावीकडे लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग 'टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क' असं जा. तिथे 'एमएस सीटीएफ मॉनिटर' नावाचं एकच काम दिसेल. ते 'डिसेबल्ड' असेल तर उजवं बटण दाबून 'एनेबल' करा. तो क्लीनरही काढून टाका, नाहीतर पुन्हा तिथेच याल.

४. भाषा "आपोआप" बदलते

सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच, आणि भाषा आपोआप बदलत नसते. विंडोजने मुळातच डावी ऑल्ट + शिफ्ट ही जोडी भाषा बदलायला आणि कंट्रोल + शिफ्ट ही जोडी त्याच भाषेतला लेआउट (कोणत्या कीवर कोणतं अक्षर ही मांडणी) बदलायला दिलेली आहे. आता रोजच्या कामातले शॉर्टकट आठवा. एक्सेलमध्ये खालपर्यंतची घरं निवडायला कंट्रोल + शिफ्ट + बाण. ब्राउझरमध्ये बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल + शिफ्ट + टी. वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली हलवायला ऑल्ट + शिफ्ट + बाण. तिसरी की दाबायच्या आत बोट सुटलं की विंडोजच्या दृष्टीने तुम्ही भाषा किंवा लेआउट बदलायला सांगितलं. जितका हात सराईत, तितकं हे जास्त वेळा होतं.

कायमचा इलाज असा. 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'. विंडोज १० मध्ये 'टायपिंग' हे 'डिव्हायसेस'खाली आहे. तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' ही ओळ दाबा. जुन्या धाटणीची एक खिडकी उघडेल. 'बिट्वीन इनपुट लँग्वेजेस' निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा आणि दोन्ही बाजूंना 'नॉट असाइन्ड' करा. विंडोज + स्पेसबार याने बंद होत नाही, त्यामुळे भाषा बदलायची सोय शाबूत राहते. फक्त चुकून होणारी उडी थांबते.

याच खिडकीत कामाचा वेग खरोखर वाढवणारी एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. खालच्या यादीत प्रत्येक कीबोर्डाची स्वतंत्र ओळ असते. मराठीच्या ओळीवर जाऊन 'चेंज की सीक्वेन्स' दाबलं की तिला थेट शॉर्टकट देता येतो, उदाहरणार्थ कंट्रोल + शिफ्ट + १ मराठीला आणि कंट्रोल + शिफ्ट + २ इंग्रजीला. मग आत्ता कोणती भाषा आहे हे बघायची गरजच उरत नाही. १ दाबलं की मराठीच येणार, आधी काहीही असो. दिवसभर दोन्ही भाषांत पत्रव्यवहार करणाऱ्याने हे लावून घ्यावंच. विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर एकदा तिथे डोकावा. कधी कधी हे शॉर्टकट पुसलेले आढळतात.

५. फक्त वर्डमध्ये बदलते

नोटपॅडमध्ये सगळं ठीक, पण वर्डमध्ये एका ओळीवरून दुसरीवर क्लिक केलं की भाषा बदलते? वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली 'ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड टु मॅच लँग्वेज ऑफ सराउंडिंग टेक्स्ट' असा पर्याय असतो. त्यावर टिक असेल तर कर्सर इंग्रजी शब्दाशेजारी गेला की वर्ड इंग्रजी कीबोर्ड लावतं, मराठी शब्दाशेजारी गेला की मराठी. टिक काढा.

वर्डचा दुसरा नेहमीचा त्रास म्हणजे मजकूर निवडून साइझ १४ केला तरी मराठी अक्षरं आहेत तेवढीच राहतात. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉन्ट, साइझ आणि ठळकपणा रोमनपेक्षा वेगळा साठवतं. मजकूर निवडून कंट्रोल + डी दाबा. येणाऱ्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा वेगळा विभाग आहे, तिथे फॉन्ट आणि साइझ द्या. तिथेच 'सेट ॲज डीफॉल्ट' केलं तर प्रत्येक नव्या फाइलमध्ये हे पुन्हा करावं लागत नाही.

६. खिडकी बदलली की भाषा बदलते

'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'मध्येच 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर प्रत्येक खिडकी आपली भाषा लक्षात ठेवते. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असं काम असेल तर ही उत्तम सोय आहे, मुद्दाम चालू करा. पण एकाच कॉम्प्युटरवर तिघे-चौघे बसत असतील तर ती बंदच बरी. पुढच्या माणसाला प्रत्येक खिडकी वेगळी वागताना दिसते आणि तो कॉम्प्युटर बिघडला म्हणतो.

यादीत न मागितलेला 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' पुन्हा पुन्हा उगवत असेल, तर एक युक्ती लागू पडते: तो कीबोर्ड आधी सेटिंग्जमधून स्वतः रीतसर जोडा आणि मग काढा. सेटिंग्जमध्ये न दिसणारी नोंद अशी बाहेर येते. दूरच्या कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉपने जोडत असाल तर तुमच्या मशीनचा कीबोर्ड तिकडच्या यादीत जाऊन बसतो, हेही लक्षात असू द्या.

७. चौकोन दिसतात

चौकोनी डबा म्हणजे अक्षर फाइलमध्ये शाबूत आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही. मजकूर निवडा आणि 'निर्मला यूआय' फॉन्ट लावा. विंडोज ८ पासून तो विंडोजसोबतच येतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून वेगळे जोडावे लागतात: 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स'. जुन्या कॉम्प्युटरवर कोकिळामध्ये केलेलं पत्र नव्यावर वेगळं दिसायचं कारण हेच. छपाईला किंवा दुसऱ्या कार्यालयात पाठवायचं असेल तर पीडीएफ करूनच पाठवा.

फोटोशॉप, इनडिझाइन, इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी उडत असेल तर फॉन्ट बदलून उपयोग नाही. तिथे भारतीय लिप्यांची जुळणी वेगळी चालू करावी लागते. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर', फोटोशॉपच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'टाइप'खाली 'वर्ल्ड-रेडी लेआउट', इलस्ट्रेटरमध्ये तिथेच 'शो इंडिक ऑप्शन्स'.

८. प्रश्नचिन्हं आणि एक्सेलमधला कचरा

या दोन लक्षणांची गल्लत करू नका. एकात मजकूर वाचतो, दुसऱ्यात जातो.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेल ती जुन्या, रोमन अक्षरांच्या पद्धतीची समजून उघडतं. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षर ३ बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम सारखाच असतो. एक्सेल ते ३ बाइट ३ वेगळी चिन्हं म्हणून दाखवतं, म्हणून तोच तो रेघवाला ए सगळीकडे दिसतो. मजकूर अजून सुरक्षित आहे. फाइल सेव्ह न करता बंद करा. रिकामं एक्सेल उघडा, 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड यूटीएफ-८' घ्या. तुम्ही स्वतः सीएसव्ही तयार करत असाल तर 'सेव्ह ॲज'मध्ये साधी सीएसव्ही घेऊ नका, 'सीएसव्ही यूटीएफ-८' घ्या.

प्रश्नचिन्हं मात्र वेगळी. मराठीला जागाच नसलेल्या पद्धतीत मजकूर साठवला, तर प्रत्येक अक्षराऐवजी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्यातून मूळ अक्षर परत काढता येत नाही. फॉन्ट, कन्व्हर्टर, काहीही लावलं तरी. मूळ फाइल किंवा बॅकअप शोधा. नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' करताना खाली 'एन्कोडिंग' असतं, तिथे 'ॲन्सी' (ती जुनी, रोमन अक्षरांची पद्धत) असेल तर 'यूटीएफ-८' करा.

९. शब्द दिसतो पण सापडत नाही

या दोषाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि मोठ्या याद्यांमध्ये तोच सर्वात महाग पडतो. मतदारांची, सभासदांची, विद्यार्थ्यांची यादी असते, 'व्हीलुकअप' (एक्सेलचं यादीत शोधणारं फंक्शन) काही नावं शोधतं, काही सोडतं. डोळ्यांना दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसतात. कारण मराठीत काही अक्षरं दोन प्रकारे साठवता येतात.

'दुसऱ्या'मधला अर्धा र घ्या. एका पद्धतीत तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो: ऱ, हलन्त, य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच. तपासायचं असेल तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. आधी काना जाईल, मग य, पुढे हलन्त. शेवटी खाली टिंब असलेला ऱ उरला तर पहिली पद्धत. एक बॅकस्पेस वाया गेल्यासारखा वाटला आणि साधा र उरला तर दुसरी. एक्सेलमध्ये 'लेन' फंक्शन तेच आकड्यात सांगतं: 'दुसऱ्या' पहिल्या पद्धतीत ७ येतो, दुसऱ्या पद्धतीत ८.

इनस्क्रिप्टमध्ये जे कीवर र आहे आणि शिफ्ट + जे वर ऱ. त्यामुळे शिफ्ट + जे, डी, मग य असं टाइप केलं की नेहमी पहिलीच पद्धत मिळते. यादी करणाऱ्या सगळ्यांनी एकच पद्धत धरली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आधीच मिसळलेली यादी दुरुस्त करायला एक्सेल २०१३ पासून 'युनिचर' हे युनिकोड क्रमांकावरून अक्षर देणारं फंक्शन आहे. 'सब्स्टिट्यूट'मध्ये युनिचरचे २३५२, २३८१ आणि ८२०५ ही तीन अक्षरं जोडून शोधा आणि त्या जागी २३५३ आणि २३८१ ही दोन घाला. आकडे रोमन अंकांतच टाका. एक गोष्ट मात्र करू नका: नुसतं ८२०५, म्हणजे ते न दिसणारं चिन्ह, सगळीकडून उडवू नका. तसं केलं की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि शब्द चुकतो.

हाच घोळ ॲ मध्येही आहे. 'ॲड', 'ॲप' यांतलं अक्षर एक सलग अक्षर म्हणून साठवता येतं, किंवा अ वर चंद्र देऊन. एका बॅकस्पेसने संपूर्ण अक्षर गेलं तर सलग. फक्त चंद्र जाऊन अ मागे राहिला तर दोन तुकड्यांचं. शोधताना दोन्ही रूपं शोधा आणि 'रिप्लेस'ने सलग रूपावर आणा.

एक्सेलमध्ये आकडे घराच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले आणि बेरीज शून्य आली, तर ते मजकूर म्हणून साठले आहेत. आकड्यांच्या रकान्यात इंग्रजी कीबोर्ड लावूनच भरा.

१०. जुन्या फॉन्टमधली फाइल

श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टांत केलेलं काम अजून हजारो फाइलींत पडून आहे. या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलेलं असेल, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन एच, के, के, जे, आर एवढीच अक्षरं असतात. फॉन्ट काढला की तीच दिसतात. व्हॉट्सॲपवर चिकटवलं की कचरा का दिसतो, त्याचं उत्तर हेच.

फक्त वाचायचं किंवा छापायचं असेल तर तोच फॉन्ट बसवा, बस. मजकूर पुढे वापरायचा असेल तर कन्व्हर्टर लागतो आणि तो नेमक्या त्याच फॉन्टसाठी बनवलेला असावा लागतो. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि आकडे नजरेखालून घालाच. मधले इंग्रजी शब्द, ई-मेल पत्ते हमखास बिघडतात, कारण कन्व्हर्टरला तेही मराठीच वाटतात. खरेदीखत, शपथपत्र असलं काही अनोळखी साइटवरच्या कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नका.

पीडीएफमधून कॉपी केलेलं मराठी बिघडत असेल तर त्यामागे धडपडू नका. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्स'ने उघडा. तिथे पानाचं चित्र वाचून युनिकोड मजकूर मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर चुका थोड्या असतात, तरी मुद्रितशोधन करावंच लागतं.

११. शेवटचा घरगुती उपाय

नोटपॅडमध्येही बिघाड आहे आणि वरच्या कशानेही फरक पडत नाही? कॉम्प्युटरवर एक नवं, स्थानिक यूजर खातं काढा आणि त्यात मराठी लावून बघा. तिथे नीट चालत असेल तर विंडोज चांगलं आहे, तुमच्या खात्याची सेटिंग्ज बिघडली आहेत. फाइली नव्या खात्यात हलवणं हे विंडोज नव्याने टाकण्यापेक्षा स्वस्त पडतं. नव्या खात्यातही तोच त्रास असेल तर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून एसएफसी, मध्ये एक जागा, तिरकी रेघ, स्कॅननाउ (sfc /scannow) असं रोमन लिपीत टाइप करा. विंडोजच्या बिघडलेल्या फाइली ते स्वतः शोधून बदलतं. त्याला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कीबोर्डवर चहा किंवा पाणी सांडलं असेल तर वरचं काहीही करत बसू नका. लगेच बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उलटा ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. चालू होतोय का हे बघायला पुन्हा बटण दाबणं हेच सर्वात जास्त नुकसान करतं.

कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' अशा अर्थाची ओळ दिसली तर थांबा. तुम्ही बदल केला तरी सर्व्हर तो पुन्हा मागे फिरवतो. हे काम तिथल्या सिस्टीम ॲडमिनचं.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचा आतला साठा) हात घालायला सांगणारा उपाय कोणी दिला आणि बॅकअप कसा घ्यायचा हे तुम्हाला माहीत नसेल, तर तो उपाय करू नका.

सोसायटीच्या, पतपेढीच्या किंवा शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेली मराठी नावं प्रश्नचिन्हं होत असतील, तर तुमच्या कॉम्प्युटरवर कितीही फॉन्ट टाका, फरक पडणार नाही. डेटाबेसमधला रकाना युनिकोडचा नाही, किंवा सॉफ्टवेअर मजकूर तिथे पाठवतानाच चुकतं आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर हा रकाना 'व्हारचार'ऐवजी 'एनव्हारचार' लागतो. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडूनच करून घ्यायचं काम आहे. तोपर्यंत नवी नावं भरणं थांबवा, कारण भरलेलं प्रत्येक नाव कायमचं जातं आहे.

कायदेशीर कागद जुन्या फॉन्टमधून बदलायचे असतील तर त्या फॉन्टवर काम केलेला डीटीपी ऑपरेटर गाठा. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, रक्कम आणि नावं मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या. फाइल देताना नेहमी प्रतच द्या, आणि सोबत फॉन्टचं नाव व मूळ कागदाचा एका पानाचा फोटो द्या, म्हणजे समोरच्याला अंदाजाने काम करावं लागणार नाही.